‘असंख्येय’ : एका संख्येचा परिचय

जातकाच्या निदानकथेनुसार, चार असंख्येय आणि एक लक्ष कल्पांपूर्वी सुमेध तापसाने दीपंकर बुद्धांच्या चरणी बुद्धत्वाचा संकल्प केला. येथील ‘असंख्येय’ या शब्दाचा अर्थ ‘अगणित’ असा करून आपण सहसा पुढे जातो. परंतु जे मोजताच येत नाही ते ‘चार’ कसे असेल? आणि अनंतात एक लक्ष मिळविल्याने काय वाढेल? अशाच स्वरूपाची शंका आचार्य वसुबंधूंनी अभिधर्मकोशभाष्यात उपस्थित केली असून, असंख्येय हे एका संख्यास्थानाचे नाव होय, असे तिचे समाधान केले आहे. त्यांच्या गणनेत ते साठावे स्थान आहे. पालि परंपरेतील असंख्येय त्याहून पुष्कळ मोठे असून त्याचाच विचार आम्ही येथे करीत आहोत.

कच्चायन व्याकरणात कोटीपासून असंख्येयापर्यंत वीस संज्ञा येतात व प्रत्येक संज्ञा मागील संज्ञेच्या कोटिपट असते. कोटी म्हणजे १ वर ७ शून्ये, पकोटी म्हणजे १ वर १४ शून्ये. याप्रमाणे विसावी संज्ञा असंख्येय, म्हणजे १ वर १४० शून्ये. ही संख्या १४१ अंकी आहे.

तिचे गुणधर्म नेमके सांगता येतात. तिचे मूळ अवयव २ आणि ५ हे दोनच. प्रत्येक १४० वेळा येतो. म्हणून तिचे विभाजक १४१ × १४१, म्हणजे १९,८८१ होत. ती पूर्ण वर्ग आहे : तिचे वर्गमूळ १ वर ७० शून्ये, म्हणजे याच यादीतील दहावी संज्ञा ‘अहह’. मात्र १४० ला ३ ने नि:शेष भाग जात नसल्याने ती पूर्ण घन नाही. तिला ९ ने भागल्यास बाकी १ उरते, ७ ने भागल्यास २.

आता चार असंख्येयांत एक लक्ष मिळवू. बेरीज १४१ अंकीच राहते. परंतु ३ ने भागल्यावर पूर्वी १ उरत होता, तेथे आता २ उरतात. एवढ्या प्रचंड राशीतही एक लक्षाची भर वाया जात नाही.

अंगुत्तर निकायात कल्पाच्या चार अवस्थांनाही असंख्येय म्हटले आहे. तेथे हा शब्द विसाव्या संज्ञेचा वाचक नाही. इतकी वर्षे मोजणे सुकर नाही, एवढाच त्याचा आशय. प्रस्तुत संख्याही एकेक करून मोजणे अशक्यच. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. त्याचे सेकंद केले तरी अवघी १८ अंकी संख्या होते. तथापि जे मोजून संपत नाही, ते बुद्धीने जाणता येते.

बोधिसत्त्वाच्या पारमितासाधनेचा काळ या संख्येने सांगण्यातील मर्म आम्हांस येथेच दिसते. तो काळ अनंत मानला, तर साधना कधीच पूर्ण होणार नाही. तो सान्त आहे, म्हणूनच त्यातील प्रत्येक कल्पाच्या प्रयत्नाला मोल आहे.