मोटार गुणगुणते, पण पाणी चढत नाही

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी कचेरीतून घरी आलो तर सौ. विहिरीच्या काठावर दोर ओढत उभ्या. म्हणाल्या, "बटन दाबलं की मोटार नुसती घुंऽऽ करते जी, पाणी काही येत नाही." मी बी.कॉम.वाला माणूस, जमाखर्च जाणतो, यंत्र नाही. अर्ध्या हॉर्सपॉवरची ती मोटार उचलून दुरुस्तीला दिली. वाइंडिंग जळाले असे सांगून 1800 रुपये घेतले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच घुंऽऽ! या वेळी वस्तीतल्याच आयटीआय झालेल्या एका मुलाला बोलावले. त्याने शे-सव्वाशे रुपयांचा कपॅसिटर बदलला आणि मोटार सुरू झाली. पहिल्या वेळीही बहुधा तेवढेच बिघडले होते. तो पैसा कुठे गेला हे विचारण्यात आता अर्थ नाही, पण दुसऱ्या कुणाचा जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

त्या मुलाने आधी काय केले ते सांगतो. मेन स्विच बंद केला. नुसते बटन बंद करून चालत नाही. बोर्डाचे वायरिंग उलटे असेल तर बटन बंद असूनही मोटारीत करंट राहतो. मग मागची जाळी काढून पंखा हाताने फिरवून पाहिला. पंखा घट्ट असेल तर आतला इम्पेलर गंजाने किंवा रेतीने अडकलेला असतो. पावसाळाभर बंद ठेवलेल्या मोटारीत हे हमखास होते. पंखा अलगद फिरतो आणि तरीही मोटार नुसती गुणगुणते, तर संशय कपॅसिटरवर. अशी मोटार एक मिनिटही चालू ठेवू नये, त्यानेच वाइंडिंग खरोखर जळते. व्होल्टेज फार कमी असले तरी मोटार अशीच घुमते, म्हणून आधी घरातले दिवे मंद आहेत का ते पाहावे.

कपॅसिटरला वीज बंद झाल्यावरही हात लावू नये. त्यात भार साठून राहतो आणि झटका देतो. साध्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून तो आधी रिकामा करावा. नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा दुकानदाराला दाखवावा.

मोटार जोरात फिरते पण पाणी नाही, हा प्रकार वेगळा. तेव्हा दोष बहुतेक पाइपात असतो. विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हमध्ये पाला, शेवाळ अडकले की पाइपातले पाणी रात्रीतून उतरून जाते आणि सकाळी मोटार हवाच घुसळते. व्हॉल्व्ह साफ करून पाइप पाण्याने भरावा. ओढणाऱ्या पाइपाच्या जोडातून हवा शिरत असेल तर सूत-सफेदा लावून तो नव्याने आवळावा. कोरडी मोटार चालवली तर सील जळते, मग शाफ्टजवळून पाणी गळू लागते.

उन्हाळ्यात मात्र मोटार, पाइप सारे ठीक असूनही पाणी येत नाही. विहिरीचे पाणी मोटारीपासून 22-25 फुटांच्या खाली गेले की वर ठेवलेला पंप हरतो. कारण पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा त्याला वर ढकलते, आणि हवेची ताकद सुमारे 34 फुटांपुरतीच आहे. इटलीच्या टॉरिसेलीने 1643 साली पाऱ्याची नळी उभी करून हे दाखवले. जोडांतली गळती आणि घर्षण धरले तर हाती पंचवीसेक फूटच उरतात. वैनगंगेच्या काठापासून दूरच्या विहिरींवर एप्रिल-मे मध्ये लोक मिस्त्री बदलतात, खरे तर पंपच खाली उतरवावा लागतो किंवा पाण्यात बुडणारा पंप लावावा लागतो.

पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आहे. तिचा फोन आला, "मामा, यंत्रात पाणी साचले, बाहेर जात नाही." मी म्हटले, आधी प्लग काढ, जाळी काढून पाहा. लिंबाची बी पंपाच्या पात्यात अडकली होती! पितळेची भांडी त्यात घालू नको, हेही सांगून घेतले. आम्ही भंडाऱ्याचे, पितळेचा जीव जाणतो.

नळाच्या लाइनला थेट मोटार लावण्याबद्दल एकच. पुढच्या घरचे पाणी आपण ओढतो, आणि लाइन रिकामी असली की फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत येते. ते आधी आपल्याच माठात पडते.