आज सुरमई नाही!

भर जुलैत, खास मासे खायला मालवणला जाणं हा शुद्ध वेडेपणा. आम्ही तो केला. हात हलवत परत यायला हवं होतं, पण त्याच दिवशी जे जेवलो ते अजून जिभेवर आहे!

शुक्रवारची रात्र, लॅपटॉप बंद, चौघं आणि एक गाडी. प्लॅन अर्थातच माझा. ऑफिसच्या कॅण्टीनमधलं तेच ते पनीर खाऊन वैतागलेल्या तिघांना मी आठवडाभर एकच चित्र रंगवून सांगत होतो. बाहेर धो धो पाऊस, समोर वाफाळता भात, आणि ताटात न मावणारी सुरमईची तुकडी. ऑफ सीझन म्हणून तारकर्लीत रूमही निम्म्या भावात मिळाली. ती निम्म्या भावात का मिळतेय, हा प्रश्न काही मला पडला नाही. तुमच्यातल्या कोकणी मंडळींना एव्हाना हसू फुटलं असेल. हसा, बिनधास्त हसा.

शनिवारी दुपारी मालवणच्या जेट्टीवर पोचलो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला तो. काळ्या ढगांखाली काय जबरदस्त दिसत होता! पण किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या बंद. स्कूबा डायव्हिंग बंद. बोटी किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या. म्हटलं, असू दे. आपण कुठे पोहायला आलोय? आपण जेवायला आलोय.

ऑफिसातल्या एका मालवणी कलीगने एका घरगुती खानावळीचा पत्ता दिला होता. बोर्ड नाही, मेन्यूकार्ड नाही. घराची पडवी आणि तिथे चार टेबलं. काकी बाहेर आल्या. 'येवा, बसा.' मी ऐटीत ऑर्डर सोडली, 'काकी, चार सुरमई थाळी.'

'सुरमय नाय.'

'मग पापलेट?'

'नाय.'

'निदान बांगडा तरी?'

'ताजो नाय. समुद्र बंद आसा, झिला.'

समुद्र बंद! दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणावं इतक्या सहज.

एव्हाना आमच्यातल्या बॅंकवाल्याने मोबाइल काढून शोध लावला होता. रस्त्यावरच्या एका हॉटेलात सुरमई मिळत होती. काकींनी ते ऐकलं. चेहऱ्यावर राग नाही की काही नाही. 'तिकडे गावतली. पण ती बर्फातली. बर्फातलो मासो माझ्या चुलीर चढाचो नाय. जा आसा ता खावन बघ. आवडला नाय तर पैशे देव नको.'

दोघं गाडी घेऊन सुरमईकडे गेले. मी आणि एचआरमधली मैत्रीण मागे राहिलो. ती भुकेने, मी शरमेने.

मे महिन्यात ठरलेला मेन्यू

ताट आलं. मधोमध उकड्या तांदळाचा भात. बाजूला काळ्या वाटाण्याचं सांबारं, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं, दाट, जवळजवळ काळंच. सोबत आंबोळ्या. ओलं खोबरं आणि फणसाच्या आठळ्या घालून केलेली टाकळ्याची भाजी. टाकळा म्हणजे पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला आपोआप उगवणारं रोप. आपण त्याला गवत समजून तुडवत जातो, त्याचीच ही कोवळी पानं. सुक्या बांगड्याचं किसमूर, म्हणजे खारवलेला बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, चुरायचा आणि त्यात कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि कोकम कालवायचं. शेवटी गुलाबी सोलकढी.

किसमुराचा पहिला घास घेतला आणि आम्ही दोघं बोलायचंच थांबलो. धुरकट, खारट, आंबट, मध्येच कच्च्या कांद्याची कचकच. सुरमई छानच लागते, पण ती सभ्य असते. हे प्रकरण अजिबात सभ्य नव्हतं.

तिसरी आंबोळी वाढताना काकींना विचारलं, हे सगळं केलं कधी? मग कळलं की आमच्या ताटातलं बरंचसं जेवण मे महिन्यातच तयार झालं होतं. कोकणात पावसाआधीच्या बेगमीला 'आगोट' म्हणतात. चार महिने घराबाहेर पडणं मुश्कील, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात सगळं करून ठेवायचं. मासळी खारवून वाळवायची. रातांब्याच्या साली त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात सुकवल्या की झालं कोकम. मिरच्या-धणे भाजून वर्षाचा मालवणी मसाला कुटून आणायचा. आठळ्याही फणसाच्या सीझनमध्ये राखून ठेवलेल्या. ताजा होता तो फक्त टाकळा. तो पावसाने फुकट दिला.

शटर कोणी पाडलं?

'समुद्र बंद' ही नुसती बोलायची पद्धत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. कारणं दोन. एक म्हणजे हे दिवस बऱ्याच माशांच्या प्रजननाचे. अंड्यावरची मासळी आज उचलली तर नोव्हेंबरात जाळ्यात येणार काय? दुसरं म्हणजे खवळलेल्या दर्यात माणसंच परत येतील याची खात्री नाही. वल्ह्यांच्या छोट्या पारंपरिक होड्यांना बंदीतून सूट आहे, पण असल्या समुद्रात त्या तरी किती जाणार? खाडीत थोड्या कुरल्या मिळतात, त्या नशिबात असतील तर. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि होड्या पाण्यात लोटायच्या. कायदा नंतरचा, ही रीत जुनी.

आणि हे फक्त परंपरेचं कौतुक नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, मासा पूर्वीसारखा मिळत नाही हेच ऐकू येईल. पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यानंतर २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. २०२३ मध्ये पापलेटला, म्हणजे मालवणच्या सरंग्याला, 'राज्य मासा' जाहीर केलं, तेही त्याचं संवर्धन व्हावं म्हणूनच. म्हणजे काकींचं 'नाय' हा हेकटपणा नव्हता. पुढच्या सीझनची सुरमई त्या 'नाय'मध्ये होती.

हेच स्पेनमध्ये असतं तर...

स्पेनच्या किनाऱ्यावर, रोझेस गावाजवळ 'एल बुली' नावाचं रेस्तरां होतं. जगातलं सर्वोत्तम म्हणून गाजलेलं. ते वर्षातून जेमतेम सहा महिने उघडं असायचं. उरलेल्या महिन्यांत शेफ फेरान आद्रिया आणि त्याची टीम नवे पदार्थ शोधत बसायची. २०११ मध्ये ते बंद झालं, पण तोवर टेबल मिळवण्यासाठी जगभरातले लोक रांगेत असायचे. कोपनहेगनच्या 'नोमा'ने २०१८ मध्ये नव्या जागेत वर्षाचे सरळ तीन हंगामच पाडले. एकात समुद्री अन्न, एकात भाज्या, एकात रानातलं. बिगर सीझनचं मागायची सोयच नाही. तिथे 'आज नाही' म्हटलं की आपण 'वॉव' म्हणतो. मालवणात तेच म्हटलं की गाडी काढतो.

प्रश्न फ्रीझरचा

हात धुताना काकींच्या मुलाशी गप्पा झाल्या. खानावळीचा हिशोब तोच बघतो. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. एक डीप फ्रीझर घ्यायचा, मेअखेरीस सुरमई भरून ठेवायची. 'आज तुम्ही चौघं आलात, दोघं निघून गेले. असं रोज होतं. वीजबिल, गॅस, माणसाचा पगार, हे काही समुद्रासारखं दोन महिने बंद नसतं.' त्या दुपारी चारपैकी तीन टेबलं रिकामीच होती. त्याला चूक म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सुरमई मागत आलेलं गिऱ्हाईक मीच तर होतो!

आतून काकींचा आवाज आला, 'गिऱ्हाईक जातला आणि येतला. चव गेली तर ती येवची नाय.' मुलगा हसला आणि मान हलवली. हा वाद त्यांच्या घरात आजचा नसावा.

संध्याकाळी सुरमईवाले परतले. कशी होती, विचारलं. 'ठीक होती. मुंबईसारखीच.' पाचशे किलोमीटर गाडी चालवून मुंबईसारखीच! आम्ही दोघांनी रात्रभर त्यांना किसमुराचं वर्णन ऐकवून छळलं.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो, चौघंही. या वेळी चारही टेबलं भरलेली, आम्ही पायरीवर नंबर लावून बसलो. सुरमई आली, ताटात न मावणारी. माझ्या चित्रातल्यासारखीच, खरं तर त्याहून भारी. फ्रीझर मात्र कुठे दिसला नाही. दाराशी एक नवा बोर्ड होता, मुलाच्या अक्षरातला: '१ जून ते ३१ जुलै ताजी मासळी नाही. जेवण आहे.' विचारलं तर म्हणाला, 'एक पावसाळा असा काढून बघतो. नाही जमलं तर फ्रीझर आहेच.'

तेवढ्यात आमच्या बॅंकवाल्याने, तोच जो जुलैत निघून गेला होता, मोठ्या थाटात फर्मावलं, 'काकी, ती टाकळ्याची भाजी पण वाढा.'

काकींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. 'टाकळो आता खंय? तो पावसात.'

जुलैचं बुकिंग झालंय. यंदा चौघंही तिथेच जेवणार.

निघण्याआधी...

● कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरून रस्त्याने मालवण गाठा. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं, वेगही कमी. वेळ हाताशी ठेवा.

● घरगुती खानावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. सकाळीच फोन करून किती जण ते सांगा.

● 'सुरमई आहे का?' असं विचारू नका. 'आज काय आसा?' असं विचारा. जेवण तिथूनच सुरू होतं.