कोथिंबिरीला साधं पाणी चालतं, मग जुलाबात आपल्याला मीठ-साखर का लागते?

सकाळी आणलेली कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते. अम्मी तिचे देठ पाण्यात बुडवून ठेवते आणि थोड्या वेळात जुडी पुन्हा टवटवीत होते. पण घरात मुलाला जुलाब लागले की डॉक्टर सांगतात, नुसतं पाणी नको, ओआरएस द्या. असं का? उत्तर पेशीत आहे.

वनस्पती असो की माणूस, दोघांच्या पेशींत केंद्रक असतं, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका असतात. मुख्य फरक तीन. झाडाच्या हिरव्या पेशींत हरितलवकं असतात, त्यामुळे झाड उन्हात स्वतःचं अन्न बनवतं. पेशीच्या मध्यभागी पाण्याची मोठी पिशवी असते, ती रिक्तिका. आणि बाहेरून सेल्युलोजची मजबूत भिंत असते, ती पेशीभित्तिका. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, ते याच भिंतींचे होते.

ही भिंत मोठं काम करते. साधं पाणी आत शिरलं की पेशी फुगते, पण भिंत तिला फुटू देत नाही. त्या दाबानेच देठ ताठ उभा राहतो.

आपल्या पेशींना भिंत नाही, फक्त पातळ पटल आहे. लाल रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात. म्हणूनच सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. पेशींभोवतीच्या पाण्यात मिठाचं प्रमाण बरोबर राहणं आपल्यासाठी जिवाचा प्रश्न आहे.

जुलाबात पाण्याबरोबर मीठही निघून जातं. नुसतं पाणी प्यायल्याने ते भरून येत नाही. साखर असेल तर आतडं मीठ पटकन शोषतं आणि त्यामागोमाग पाणीही आत जातं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणाने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले.

घरात पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, त्यामुळे अंदाजाने टाकू नका. मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली किंवा उलट्या थांबत नसतील, तर घरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.