दगडावरची नावे वाचू या

सुट्टी लागली की मुलांचा एकच हट्ट असतो, "कुठेतरी न्या." बाग झाली, चौपाटी झाली. या वेळी चाळीतल्या आम्ही चार कुटुंबांनी ठरवले, की जिथे जुन्या दगडांवर काही कोरलेले आहे अशा जागी जायचे आणि वही-पेन्सिल मुलांच्या हाती द्यायची.

पहिली सहल वसईच्या किल्ल्याची. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पाने ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथे मोठमोठी चर्चे उभी राहिली. आज त्यांची छपरे नाहीत, पण भिंती आणि कमानी आहेत. जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली. आमच्यातली सातवीतली एक मुलगी वाकून पाहत होती. तिने विचारले, "हे दगड वाहून आणणाऱ्यांची नावे कुठे आहेत?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. बिगाऱ्यांची, पाथरवटांची नावे आम्हाला कुठेच दिसली नाहीत. इथल्या मातीतले एक नाव मात्र जगाला ठाऊक आहे. गोन्सालो गार्सिया याच वसईत जन्मला. १५९७ साली जपानमधल्या नागासाकीत त्याला क्रुसावर मारले आणि १८६२ साली चर्चने त्याला संतपद दिले.

दुसरी सहल आमच्यातल्या एका कुटुंबाच्या कोकणातल्या गावी. तिथे शाळेच्या भिंतीत एक पाटी बसवलेली आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या गावोगाव लावल्या. १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातून किती माणसे गेली आणि किती मेली, एवढेच त्यावर लिहिलेले असते. आकडा आहे, नाव एकही नाही. घरी येऊन आजीला विचारले. ती म्हणाली, "त्यातला एक आपल्या घरातला. पलटणीतला आबा म्हणायचे त्याला." खरे नाव काय होते? आजी बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "ते विचारायचं राहूनच गेलं."

१८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले, दाद मागितली. शेवटी महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ साली ती मोडून टाकली. आबाची पलटण हीच की दुसरी, हे आता कोण सांगणार?

म्हणून तिसरी सहल भीमा नदीकाठची, कोरेगावची. १ जानेवारी १८१८ रोजी इथे कंपनीच्या लहानशा तुकडीने पेशव्यांच्या मोठ्या फौजेशी दिवसभर झुंज दिली. तिथल्या विजयस्तंभावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे आहेत आणि त्यांतली २२ "नाक" या अक्षरांनी संपतात. पूर्वी महार माणसाच्या नावाला "नाक" लागत असे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी इथे आले होते. ज्या काळात गावात आपली सावलीही चालत नव्हती, त्या काळात मेलेल्या साध्या शिपायांची नावे इथे दगडावर कोरली गेली. मुलांनी एकेक नाव अडखळत वाचले आणि वहीत उतरवले. मोठी माणसे गप्प उभी होती.

एक सांगतो. १ जानेवारीला मानवंदनेला अवश्य जा, पण त्या दिवशी लाखोंच्या गर्दीत नावे वाचणे होत नाही. त्यासाठी एखाद्या साध्या दिवशी मुलांना घेऊन पुन्हा जा. पिण्याचे पाणी आणि भाकरी सोबत ठेवा, कुठल्याही भिंतीवर आपले नाव कोरू नका.

परतल्यावर आम्ही त्याच वहीचे पुढचे पान उघडले. आजी, मावशी, गावचे काका, ज्यांना जे आठवले ते लिहून घेतले: पलटणीत कोण होते, गिरणीत कोण, गोदीत कोण. पहिल्या ओळीत "पलटणीतला आबा" लिहून पुढे नावाची जागा मोकळी सोडली आहे. गावातल्या जाणत्यांना विचारून ती भरायची आहे. तुमच्या घरातही कुणी म्हातारे माणूस असेल. या रविवारीच त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.

जयभीम.