अ बँड ऑफ बॉइज
किशोरवयीन श्रोत्यांसाठी २००१ मध्ये मुंबईत स्थापन झालेला हिंदी पॉप गायकवृंद. भारतातील पहिला ‘बॉय बँड’ म्हणून तो ओळखला जातो. करण ओबेरॉय, सुधांशू पांडे, शेरीन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर आणि चैतन्य भोसले (आशा भोसले यांचे नातू) हे त्याचे सदस्य. १९७५ च्या सुमारास एडिंबरोच्या ‘बे सिटी रोलर्स’ने स्कॉटिश चौकड्यांच्या पोशाखाने ब्रिटनमधील शाळकरी मुलींना वेड लावले होते; गाण्याइतकेच रूपाला महत्त्व देणारी तीच परंपरा येथे दिसते. मात्र रोलर्सना चित्रपटगीतांशी स्पर्धा करावी लागली नव्हती. भारतात २००० नंतर संगीतवाहिन्या पुन्हा चित्रपटगीतांकडे वळल्या आणि स्वतंत्र पॉप संगीताचा मुख्य आधार गेला. या वृंदाला घेऊन निघालेला ‘किस किस को’ (२००४) हा चित्रपटही चालला नाही. पुढे पांडे ‘अनुपमा’ या दूरचित्रवाणी मालिकेतील अभिनयामुळे घरोघरी परिचित झाले.