तणाला पाय नाहीत, पण वाट आहे

कार्ल्याच्या रस्त्याने जाताना दोन्ही कडांना पाहा. पांढऱ्या बारीक फुलांचे, गाजरासारख्या पानांचे एक तण दिसेल. ते गाजर गवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी.

हे तण आपल्या मुलखातले नव्हे. ते मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ साली ते पुण्यात दिसल्याची नोंद आहे. परदेशी धान्याबरोबर ते आले, असे मानतात. आज ते देशभर पसरले आहे.

आम्ही शाळेत मुलांना विचारीत असू, “गवताला पाय असतात काय?” मुले हसत. मग ते इतके लांब गेले कसे?

त्याच्या एका झाडाला हजारो बिया येतात. बी अगदी बारीक. ते चिखलाबरोबर गाडीच्या चाकाला चिकटते. मुरुमातून, चाऱ्यातून, ओढ्याच्या पाण्यातून जाते. रस्त्याची कड म्हणजे उकरलेली, उघडी जमीन. तिथे बी पडले की रुजते. तिथून त्याचे बी पुढच्या गावाला. कार्ल्यावरून तर जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. मळवलीला रेल्वे आहे. एकवीरा आईच्या दर्शनाला गाड्यांची रीघ असते. मग तणाला वाटांची काय कमी?

प्रत्येक तणाची वाट निराळी. घाणेरीची फळे बुलबुल खातो, आणि तिचे बी बांधाबांधाने, रानाच्या कडेकडेने पडते. जलपर्णी पाण्यावर तरंगत जाते. आपली इंद्रायणी देहू, आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. वरच्या डोहात चार रोपे राहिली, तरी पुरात ती खाली जातात. मग खालच्या गावाने नदी कितीही साफ केली, तरी श्रम वाया!

रान रानाला, ओढा नदीला कसा जोडलेला आहे, हे शास्त्रज्ञ नकाशावर मांडतात. त्यावर वर्षानुवर्षे अभ्यास करतात. हा जोड वाईट नव्हे. रान सलग असले तर भेकर, मोर इकडून तिकडे फिरतात. पण त्याच वाटेने तणही येते. म्हणून वाट मोडायची नाही, तिच्यावर पहारा ठेवायचा.

पहारा का? गाजर गवत गायरानात शिरले की चाऱ्याचे गवत मागे हटते. जनावरे ते सहसा खात नाहीत. खाल्लेच तर दुधाला कडवट चव येते. माणसाच्या अंगाला खाज सुटते, कोणाला दमाही लागतो.

तर मंडळी, एवढे करा. पावसाळ्यात जमीन ओली असते. तेव्हा फुले येण्याआधी ते मुळासकट उपटा. हातांत मोजे घाला, नाही तर पिशवी गुंडाळा. फुललेले झाड उकिरड्यात टाकू नका. त्याचे बी खतातून शेतात येते. दुसऱ्याच्या रानातून ट्रॅक्टर आला तर आधी त्याचा चिखल धुवा. कामाला रस्त्याच्या आणि ओढ्याच्या कडेपासून लागा, कारण तण तिथूनच आत शिरते.

आणि हे काम एकट्याचे नव्हे. आपले शेत साफ, पण शेजारच्या बांधावर फुलोरा, असे असले तर पुढच्या पावसात तण पुन्हा आपल्याच दारी. म्हणून ग्रामसभेत एक दिवस ठरवा आणि सारे गाव मिळून कडा साफ करा.