केकचा निळा रंग: गडद हवा, पण जपून

१३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता आपल्या वस्त्यांमध्ये केक कापला जातो. बारवी धरणाचं पाणी पिणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात आता अनेक ताई घरीच केक करून विकतात. जयंतीला मागणी निळ्या केकची, बुद्धपौर्णिमेला पंचरंगी केकची. सांगणं एकच, "रंग गडद पाहिजे." मग डबीतला रंग भसाभस पडतो, आणि तो केक सगळ्यात आधी लहान मुलंच खातात.

आपल्या देशात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. त्यांचीही मर्यादा साधारणपणे एक किलो पदार्थाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. कर्नाटकात २०२४ साली केकचे २३५ नमुने तपासले, त्यातले १२ असुरक्षित निघाले. कारण होतं कृत्रिम रंग.

कमी रंगात चांगली छटा

लोणी पिवळसर असतं. त्यात निळा घातला की हिरवट दिसतो, म्हणून आपण आणखी निळा ओततो. त्याऐवजी पांढरं क्रीम घ्या. हिरवट झालंच तर जांभळ्याचा अगदी कण घाला, पिवळेपणा दबतो. पातळ रंगाने क्रीम सैल होतं, जेल रंग बरा. तो काडीच्या टोकावर घ्या, नीट फेटा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. रंग मुरला की आपोआप गडद होतो. छटा पाहायची ती दिवसाच्या उजेडात.

पंचरंगी केकला तीनच रंग पुरतात: निळा, पिवळा, लाल. पिवळ्यात थोडा लाल घातला की केशरी होतो, आणि पांढरं म्हणजे साधं क्रीम. गडद निळा फक्त काठाला आणि अशोकचक्राला वापरा, बाकी फिकट ठेवा. उठून दिसतं आणि रंगही कमी लागतो.

सुट्या पुडीचा रंग नको

रोडामाइन बी आणि मेटॅनिल यलो हे कापड, चामडं रंगवायचे रंग. स्वस्त आणि झगझगीत म्हणून ते खाण्यात मिसळले जातात. पुडीवर नाव नसेल तर आत काय आहे ते दुकानदारालाही सांगता येत नाही. डबीवर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, रंगाचं नाव आणि मुदत पाहूनच घ्या. केकला वापरायचं पाणी उकळून गार केलेलं असावं.

मुलांकडे लक्ष द्या

२००७ साली इंग्लंडमध्ये मुलांवर एक अभ्यास झाला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट एकत्र पोटात गेल्यावर काही मुलांचा चंचलपणा वाढलेला दिसला. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन, पोन्सो ४ आर हे चार रंग आपल्याकडे परवानगीच्या यादीत आहेत. युरोपात २०१० पासून अशा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो.

निळा केक खाल्ल्यावर जीभ निळी किंवा शी हिरवट झाली तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत जाते. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. मुलाला लगेच दवाखान्यात न्या आणि रंगाची डबी सोबत घ्या.